कागदी मॉडेलवर पडलेला तिरपा उजेड

हाताने बनवलेलं कागदी मॉडेल टेबलावर ठेवलं की नीटनेटकं, रेखीव दिसतं. जवळून फोटो काढला की मात्र सांध्यातली फट, कडेचं पांढरेपण, गोंदाचे चकाकते डाग एकदम डोळ्यात भरतात.

फूटभर अंतरावरून चांगल्या नजरेलाही साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. छपाईचा साधा कागद जवळपास तेवढाच जाड असतो, त्यामुळे कागदाच्या एका थराएवढी चूक सहज नजरेआड होते. मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सने, टिपलेला ३६ मिलिमीटर रुंदीचा भाग ५५ सेंटीमीटर रुंद पडद्यावर उघडला, तर तो पंधरा पट मोठा होतो आणि ती फट दीड मिलिमीटरची दिसते. मग ती लपणार कुठे?

पण माझ्या मते दोष उघडे पाडण्यात खरा वाटा उजेडाचा. समोरून पडलेला उजेड उंचसखल भाग सपाट करून टाकतो. तोच दिवा बाजूला, पृष्ठभागाशी जेमतेम १० अंशांचा कोन करून धरा. आता प्रत्येक उंचवट्याची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पटींहून लांब पडते. गोंदाची ०.१ मिलिमीटर उंचीची रेघसुद्धा अर्ध्या मिलिमीटरहून लांब सावली टाकते. कागद उजेड सगळीकडे विखुरतो, वाळलेला गोंद मात्र गुळगुळीत असल्याने एकाच दिशेला परावर्तित करतो. डाग चकाकतो तो म्हणूनच.

या उजेडात कागदाचा स्वभावही कळतो. सेल्युलोजचे तंतू ओले झाले की लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बरेचसे तंतू एकाच दिशेने पहुडलेले असतात, म्हणून पाणीदार गोंद लावला की कागद एकाच बाजूने ताणला जातो आणि सपाट भिंतीवर लाटा उठतात. या तंतूंच्या आडवी घडी घातली, तर छपाईचा थर तडकून आतला पांढरा गाभा डोकावतो. बोथट पात्याने कापलं, तर तंतू कापले न जाता ओढले जातात आणि कड केसाळ होते.

इतक्या जवळून फोटो काढताना एक अडचण येते. १:१ मोठेपणाला, म्हणजे वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ/८ इतकं लहान ठेवूनही जेमतेम एक मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. त्यामुळे फोकस थोडाथोडा सरकवत बरेच फोटो काढून ते संगणकावर एकत्र करावे लागतात.

फोटोत दिसलेला प्रत्येक वाकडेपणा मॉडेलचाच असतो असं नाही. मोबाइल अगदी जवळ नेला की त्याची रुंद कोनाची लेन्स जवळचा भाग मोठा दाखवते आणि कडेच्या सरळ रेषा कधीकधी वाकवते. भिंत फुगलेली वाटली, तर मागे सरकून झूम करून पुन्हा फोटो काढा. फुगवटा गेला, तर दोष लेन्सचा. तसाच राहिला, तर छप्पर चिकटवण्याआधी आतून जाड पुठ्ठ्याची पट्टी लावून ती भिंत सरळ करता येते.