‘स्वतःच्या जबाबदारीवर’: पुण्यातील महाविद्यालयीन वाहनतळाची पार्श्वभूमी

पुण्यातील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्याला वाहन आत आणायचे असेल, तर वर्षाचे शुल्क भरून पास किंवा स्टिकर घ्यावा लागतो. स्टिकर असूनही सकाळी नऊनंतर जागा मिळेल याची शाश्वती नसते. शेजारच्या गाड्यांच्या दाटीत आरसा तुटला, हेल्मेट गेले किंवा टाकीतले पेट्रोल काढले गेले, तर प्रवेशद्वाराजवळच्या फलकाकडे बोट दाखवले जाते: ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.’ विद्यार्थ्यांचा मुख्य राग जागेच्या टंचाईपेक्षा या वाक्यावर आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

सायकलींच्या काळात स्टँड या शब्दाला राखणीचा अर्थ होता. पत्र्याच्या छपराखाली पुढचे चाक अडकवण्यासाठी लोखंडी गज असत आणि जिथे राखणदार असे तिथे एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले वापरले जात. एक सायकलच्या हँडलला लटकवायचा, दुसरा मालकाच्या खिशात, आणि तो परत दिल्याशिवाय सायकल बाहेर निघत नसे. दिलेले चार पैसे त्या राखणीचे होते.

१९७२ मध्ये पुण्याच्याच कायनेटिक कंपनीची लुना ही मोपेड आली, १९८४ नंतर कायनेटिक होंडा आली आणि बटणावर सुरू होणारी बिनगिअरची गाडी मुलींच्याही हाती आली. दरम्यान शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला घेण्याची नवी रचना १९७५ मध्ये लागू झाल्यामुळे अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी पदवी महाविद्यालयांच्याच आवारात भरू लागले होते. सायकलचे गज दुचाकीच्या रुंद चाकाला निरुपयोगी ठरले, ते काढून मोकळ्या जमिनीवर पांढरे पट्टे मारले गेले, आणि बिल्लाही गेला. नव्वदच्या दशकानंतर वाहनांची पुढची वाढ इतक्या वेगाने झाली की २०१८ च्या सुमारास शहरातील नोंदणीकृत वाहने लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याचे जाहीर झाले. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी मावतात, तरीही आवारातील सावलीची जागा पूर्वीपासून प्राध्यापकांच्या आणि कार्यालयाच्या मोटारींसाठी राखीव राहिली.

फलकावरील वाक्याचे कायदेशीर वजन मात्र वाटते तितके सरळ नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार एखादी वस्तू परत देण्याच्या अटीवर दुसऱ्याच्या ताब्यात दिली, तर ती सांभाळण्याची वाजवी काळजी घेणे त्याला बंधनकारक असते. बिल्ल्याच्या पद्धतीत असा ताबा दिला गेला असे म्हणता येत होते. आज विद्यार्थी गाडी स्वतः लावतो, किल्ली स्वतःजवळ ठेवतो. म्हणून व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, शुल्क फक्त जागा वापरण्याचे आहे, राखणीचे नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, किल्ली कर्मचाऱ्याकडे सोपवलेली असेल, तर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापून हॉटेलला आपल्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही. तो निर्णय महाविद्यालयाला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तेथे किल्ली दिली जात नाही. पण दारावर रखवालदार असेल, स्टिकर पाहूनच गाडी आत सोडली जात असेल आणि त्यासाठी पैसे घेतले जात असतील, तर तो पैसा कशाचा, हे पावतीवर स्पष्ट लिहायला हवे. ‘वाहनतळ शुल्क’ या दोन शब्दांत जागाही येते आणि राखणही, आणि वाद तेथेच अडतो.

आत जागा न मिळालेला विद्यार्थी बाहेर रस्त्यावर गाडी लावतो. तेथे सम-विषम तारखांचे फलक असतात, आणि तास संपवून येईपर्यंत गाडी उचलून नेलेली असते. २०१८ मध्ये शहराने रस्त्यावरील सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले, त्याला विरोध झाला आणि ते काही निवडक रस्त्यांपुरते मर्यादित करण्याचे ठरले. मार्च २०२२ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला, पण स्थानकापासून दूर राहणाऱ्यांना त्याचा उपयोग बेताचाच झाला.

अकरावी-बारावीची मुले या सगळ्यात वेगळीच अडकली आहेत. सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो, पण अशा गाड्या बाजारातून जवळजवळ गेल्या. सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयीन मुलाने मोटार वाहन कायद्याखालील गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे महाविद्यालये परवान्याची प्रत मागतात. आता ही मुले ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या, परवाना व नोंदणी न लागणाऱ्या विजेच्या दुचाकी आणतात. आणि स्टिकरच्या अर्जात वाहन क्रमांकाचा रकाना सक्तीचा असल्यास, ज्या गाडीला क्रमांकच नाही तिचा अर्ज खिडकीवरूनच परत येतो.