मोडशी ते कावीळ : गोव्याच्या विहिरींमागची गोष्ट

मोडशी हा शब्द आमच्याकडे आजही घरोघरी आहे. लग्नातलं जेवण बाधलं, उलट्या-जुलाब लागले, की मोडशी झाली म्हणायचं आणि ओव्याचं पाणी द्यायचं. पावणेपाचशे वर्षांपूर्वी गोव्यात हेच मरणाचं नाव होतं. १५४३ साली गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, जी साथ आली तिचं वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवलं आहे. पोटात असह्य कळा, उलट्या, हातापायांना पेटके आणि काही तासांत माणूस संपलेला. इथले लोक या दुखण्याला काय म्हणतात तेही त्याने नोंदवलं : ‘मोरिशी’. दिवसभर चर्चच्या घंटा वाजत राहिल्या तर लोक धास्तावतील म्हणून मृतांसाठी घंटा वाजवायला गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सोझा याने बंदी घातली. कारण कळावं म्हणून एक मृतदेह चिरूनही पाहायला लावला. हाती फारसं काही लागलं नाही.

वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यातही हा आजार आहे, आणि तो जून-जुलैत जोर धरतो असं निरीक्षण आहे. ऑर्ताने दोष अतिखाण्याला दिला. पण महिना त्याने अचूक पकडला होता. मोडशीचं पुढे पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मोर्देशिम’ झालं आणि फ्रेंचांनी त्याचं ‘मोर द श्यां’, कुत्र्याचं मरण, करून टाकलं. मूळ आपलं साधं ‘मोडणं’च.

जून-जुलैतच का, याचं उत्तर मिळायला आणखी तीनशे वर्षं जावी लागली. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नो या डॉक्टरांनी पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे (आपल्या जुन्या मोडशीचेच), मृत्यू एका हातपंपाभोवती गोळा झालेले दाखवले. तो पंप एका विहिरीवर बसवलेला होता, ही गोष्ट सांगताना बहुतेक वेळा राहून जाते. पुढच्या चौकशीत विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर एका घराचा मैलाखड्डा सापडला, भिंती खिळखिळ्या झालेला. त्याच वर्षी इटलीत फिलिपो पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पटकीचा जंतू पाहिला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तो रुग्णांमध्ये आणि तळ्याच्या पाण्यातही शोधला. गोव्याशी याचा संबंध त्या तीन फुटांत आहे. विहीर आणि मैलाखड्डा यांच्यामधल्या जमिनीत काय घडतं, यावरच आमच्या पाण्याचा सारा इतिहास उभा आहे.

जुनं गोवा हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. सोळाव्या शतकात आशियातल्या श्रीमंत शहरांत गणलं जाणारं हे बंदर सतराव्या शतकाअखेर ओस पडू लागलं. डच आरमार, घटलेला व्यापार ही कारणं होतीच. पण साथी थांबत नव्हत्या, आणि इतिहासकारांनी त्यांचा दोष तिथल्या सच्छिद्र जमिनीला आणि घाण मुरून बिघडलेल्या विहिरींना दिला आहे. ऐपतदार लोक घरच्या विहिरीचं पाणी पीत नसत. शहराबाहेरच्या बांगेणीच्या झरीचं पाणी गुलाम घड्यांतून आणत आणि ते विकत घेतलं जाई. विकत घेणं न परवडणारे काय पीत असतील, हे लिहून ठेवायला कुणी बसलं नाही. व्हाइसरॉय आधी पाणेलीला गेला, १७५९ मध्ये पणजीला, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पणजीच्या जुन्या वस्तीचं नावसुद्धा पाण्यावरूनच पडलं : फोंताइन्यास, म्हणजे लहान झरे. मळा या भागातली फिनिक्स झर आणि ‘गायीचं तोंड’ अशा अर्थाची बोका द व्हाका झर यांवर शहराने बराच काळ तहान भागवली.

आता त्या जमिनीबद्दल, कारण खरं दुखणं तिथं आहे. गोव्याचा मोठा भाग जांभ्याचा. चिऱ्याच्या खाणीत उतरून ताज्या कापलेल्या चिऱ्यावर हात फिरवला तर बोट शिरेल एवढाली भोकं लागतात. त्यातली काही नळीसारखी आत आत गेलेली असतात, कडांना पिवळी माती चिकटलेली. बाहेर हवा लागली की हाच दगड टणक होतो, म्हणून घराला उत्तम. पण पाण्याच्या दृष्टीने तो चाळणच आहे. वाळूतून किंवा बारीक मातीतून पाणी सावकाश झिरपतं, मातीच्या कणांना जंतू चिकटतात, काही वाटेतच मरतात. जांभ्यातल्या नळ्यांतून पाणी धावतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात तळाला गेलेली विहीर जुलैत काठाशी येते, आमच्याकडे तर हात घालून कळशी भरता येते. त्याच जुलैत शेजारचा सोक पिटही (संडासाचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) भूजलात बुडालेला असतो. मधली कोरडी जमीन, जी उन्हाळ्यात गाळणीचं थोडंफार काम करते, ती उरतच नाही. ऑर्ताला दिसलेला जून-जुलै तो हाच.

आजाराचं नाव काळाप्रमाणे बदललं. पटकीच्या जागी विषमज्वर आला, हगवण आली, आणि आता कावीळ. हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातात. जिवाणूच्या मानाने विषाणू कितीतरी लहान, त्यामुळे जमिनीत तो अडकणं अवघड. थंड, अंधाऱ्या भूजलात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. हिपॅटायटिस एची लक्षणं दिसायला दोन ते सात आठवडे लागू शकतात. म्हणजे डोळे पिवळे होईपर्यंत ते पाणी कुठं प्यायलो होतो हेच माणूस विसरलेला असतो, आणि विहिरीवर संशय कुणी घेत नाही. हिपॅटायटिस ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झाला तर दर चार-पाच जणींत एक दगावू शकते. विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात गरोदर सून असेल तर मला ही गोष्ट दोनदा सांगावीशी वाटते.

गोव्यात हा धोका वाढला तो मागच्या पन्नास-साठ वर्षांत, आणि तो स्वच्छतेच्या वाटेनेच आला. पूर्वी बऱ्याच गावांत डुकरांचे संडास होते. मैला उघड्यावर पडे आणि डुकरं तो फस्त करत. ते चांगलं होतं असं मुळीच नाही. पट्टकृमीपासून माश्यांपर्यंत सगळे धोके त्यात होते. पण तो मैला जमिनीच्या वर राहायचा. १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर पैसा आला, घरं सुधारली, पाण्याचे संडास आले आणि अंगणात सेप्टिक टँक व सोक पिट खणले गेले. टाकीत गाळ खाली बसतो, वरचं पाणी सोक पिटातून जमिनीत मुरतं. जंतू मरण्याची व्यवस्था टाकीत नसते. ते काम जमिनीने करावं अशी अपेक्षा असते, आणि आमची जमीन तर जांभ्याची. अनेक ठिकाणी टाकीही नाही, नुसता चिरे रचलेला खड्डा, तळ उघडा. तो कधी भरत नाही याचा घरमालकाला आनंद असतो. भरत नाही, कारण सगळं खाली जातं.

त्यात जागा आक्रसली. १९६० च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या ५.९ लाख होती, २०११ मध्ये १४.५८ लाख. एका भाटातल्या (घराभोवतीच्या बागायती जमिनीतल्या) एका घराची चार घरं झाली, विहीर मधे तशीच राहिली. विहीर आणि सोक पिट यांत निदान १५ मीटर अंतर असावं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. वाटणी झालेल्या भाटात ते मोजायला टेप घेऊन गेलात तर भांडण होईल. किनारपट्टीवर वाळूत उथळ विहिरी आणि त्यांना लागूनच पर्यटकांच्या खोल्या. मैलावाहिनी पणजी, मडगाव, वास्को अशा शहरांच्या काही भागांत आहे, बाकी गोवा खड्ड्यांवरच चालतो.

नळ आले, हे खरं आहे आणि त्याने जीव वाचवले यात शंका नाही. खांडेपार नदीवरची ओपाची पाणीयोजना पोर्तुगीजांच्या शेवटच्या वर्षांतली, नंतर अस्नोडा, साळावली, दाबोस झाल्या. २०२० मध्ये ग्रामीण भागात शंभर टक्के नळजोडण्या दिल्याचं जाहीर झालं, २०२२ मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळवणारं गोवा पहिलं राज्य ठरलं. पण नळ दोन दिवस कोरडा राहिला की पंप विहिरीत सोडला जातोच. शिवाय विहिरीचं पाणी गोड असतं, त्याची डाळ लवकर शिजते, हा विश्वास आमच्या रक्तात आहे. २००२ चा भूजल नियमन कायदा विहीर खणायला आणि पाणी उपसायला परवानगी घ्यायला लावतो. त्याचा भर पाणी किती उपसलं यावर आहे.

आमचं मूळ घर डिचोली तालुक्यात. मागच्या वर्षी जुलैत मी तपासणीची एक छोटी बाटली घरी आणली. तळाशी औषध लावलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरून झाकण लावायचं आणि उबदार जागी ठेवायचं. ही पद्धत मांजा आणि सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत बसवली, १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पाण्यात मैल्यातले जिवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि पाणी काळं पडतं. मी बाटली चुलीजवळच्या फळीवर ठेवली. संध्याकाळपर्यंत पाणी फिकट पिवळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीच्या कडेने काळी रेघ उतरली होती, दुपारी अख्खी बाटली शाईसारखी. काकींनी ती हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाल्या, “अरे, पण पाणी तर एवढं नितळ दिसतं.” विहिरीत वाकून पाहिलं तर तळाची चवलीसुद्धा दिसली असती.

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर १००० लिटरला अडीच ग्रॅम, चांगल्या प्रतीची. डबा उघडा राहिलेला असेल तर तिचा दम गेलेला असतो. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती खोल सोडून हलवायची. रात्री टाकलेली बरी, निदान तासभर तरी पाणी काढायचं नाही. हे पावसाळाभर पुन्हा पुन्हा करावं लागतं, कारण झरे रोज नवं पाणी आणतात. प्यायचं पाणी खळखळून उकळलं तर एक मिनिट पुरतं, विषाणूंनाही.

माझी काळजी चतुर्थीची आहे. भाद्रपदात विहिरी तुडुंब असतात, आणि त्याच आठवड्यात मुंबई-पुण्याहून, वास्को-पणजीहून सगळं गोत मूळ घरी उतरतं. पाच माणसांच्या सोक पिटावर तीस माणसं. नळाला जोर नसतो, मग मोदकांची उकड, पंचखाद्य, पाहुण्यांचं पन्हं सगळं विहिरीवर. यंदा चतुर्थीच्या दहा दिवस आधी मी दुसरी बाटली भरणार आहे, आणि काकींनी उकळलेल्या पाण्यासाठी माळ्यावरचा मोठा तांब्याचा हंडा खाली काढायला सांगितलं आहे. सोक पिट विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, चुलतभावाच्या वाटणीत. तो खालच्या बाजूला हलवायचा, टाकीचा तळ बंद करायचा, खर्च तिघांनी वाटून घ्यायचा, एवढं बोलणं झालं आहे. पाऊस थांबल्यावर खणायला सुरुवात होईल.