वाहतूक-विभाग योजना

शहराच्या मध्यवस्तीचे काही विभाग पाडून मोटारींना एका विभागातून शेजारच्या विभागात थेट जाऊ न देणारी रस्त्यांची रचना. कोणत्याही विभागात मोटार नेता येते, दुकानाशी माल उतरवता येतो. पण शेजारच्या विभागात जायचे असेल तर बाहेर पडून मध्यवस्तीभोवतीच्या रिंगरोडने वळसा घालावा लागतो. पायी किंवा सायकलीने जाणाऱ्याला मात्र वाट सरळच राहते. मोटारीवर बंदी न घालता तिचा वापर कमी करणारा हा उपाय आहे, आणि खर्चाच्या मानाने त्याच्याइतका गुणकारी उपाय क्वचितच सापडेल. एकेरी रस्ते, पाट्या, काही अडथळे आणि रंग एवढ्यावर त्याची सुरुवात होते.

एकेरी रस्ता आपल्याकडे ओळखीचा आहे, तो वेगळ्या हेतूने. पुण्यातील जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी झाले ते वाहने न अडखळता पुढे जावीत म्हणून. या योजनेत एकेरीची दिशाच अशी ठरवतात की मध्यवस्तीतून आरपार जाण्याची वाट उरत नाही.

जर्मनीतील ब्रेमेन (1960) आणि स्वीडनमधील गोटेनबर्ग (1970) येथे ही कल्पना आधी राबवली गेली. तिचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन. कालव्यांच्या वेढ्यातील या जुन्या विद्यापीठ-नगरीतही 1960 च्या दशकात मोटारींसाठी रस्ते रुंद करण्याचे बेत होते, आणि ग्रोटे मार्क्ट हा मुख्य चौक वाहनांनी गजबजलेला असे. डाव्या विचारांच्या तरुण नगरसेवकांनी दिशा बदलली. त्यांत माक्स फान डेन बेर्ख हे पुढे होते. सप्टेंबर 1977 मध्ये मध्यवस्तीचे 4 विभाग झाले. गिऱ्हाईक तुटेल म्हणून दुकानदारांनी कडाडून विरोध केला होता. तरीही योजना टिकली, आणि मधल्या चौकांत हळूहळू माणसांची गर्दी परतली. आज शहरांतर्गत प्रवासांपैकी सुमारे 60 टक्के सायकलीने होतात असे सांगितले जाते. त्याचे सगळे श्रेय या एका योजनेला देता येणार नाही. सपाट जमीन, मोठा विद्यार्थीवर्ग आणि शहर ऐसपैस पसरू न देण्याचे धोरण यांचाही त्यात वाटा आहे.

विभागांनंतरची कामे दशकानुदशके चालली. काही चौकांत सायकलींसाठी स्वतंत्र हिरवा दिवा आला. तो लागला की चारही बाजूंच्या मोटारी थांबतात आणि चारही बाजूंच्या सायकली एकदम सुटतात, तिरप्यासुद्धा. नवख्याच्या छातीत धस्स होते. रोजचे सायकलस्वार वेग जरा कमी करतात, समोरच्याची नजर पाहतात आणि वाट काढतात. नोर्डरप्लांटसून या उद्यानातून जाणारा रस्ता मोटारींना प्रायोगिक स्वरूपात बंद केल्यावर 1994 मध्ये सार्वमत घेतले गेले. निसटत्या बहुमताने रस्ता बंदच राहिला. रेल्वे स्थानकासमोर सायकलींचा इतका खच पडू लागला की 2007 मध्ये तेथे भूमिगत सायकलतळ उघडावा लागला.

बेल्जियममधील गेंट शहराने एप्रिल 2017 मध्ये हीच पद्धत स्वीकारली: मधला भाग मोटारमुक्त आणि भोवती 6 विभाग. विभागांच्या सीमेवर काही ठिकाणी नंबरपाट्या वाचणारे कॅमेरे आहेत, त्यामुळे बस आणि रुग्णवाहिका यांना सोडता येते, इतरांना दंड होतो. उपमहापौर फिलिप वाटेऊ यांनी ती पुढे रेटली. बदल एकाच दिवशी लागू केला, हे येथे विशेष महत्त्वाचे. तुकड्या-तुकड्याने केले असते तर एका गल्लीत अडलेली वाहने पुढच्या गल्लीत घुसली असती आणि त्या गल्लीतील रहिवासी साहजिकच विरोधात उभे राहिले असते.

योजनेची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. मध्यवस्तीतून हटलेला भार रिंगरोडवर येतो, आणि उपनगरांतून लांब कामाला जाणाऱ्यांची मोटार तिच्यामुळे सुटत नाही. त्यांच्यासाठी रेल्वे, बस आणि शहराच्या कडेला मोटार ठेवून पुढे जाण्याची सोय लागते. ग्रोनिंगेनलाही दक्षिणेकडच्या रिंगरोडचे मोठे काम काढावे लागले आणि ते अनेक वर्षे चालले.