एल निनो आणि पीडीओ: उष्ण कटिबंध कोण आवळतं, किती काळ?

कर्कवृत्त आणि मकरवृत्त इथे बाजूला ठेवा, ती सूर्यावरून ठरतात. हवामानाच्या हिशेबात उष्ण कटिबंधाची कड म्हणजे विषुववृत्तापाशी वर चढलेली हवा जिथे खाली उतरते ती जागा, दोन्ही गोलार्धांत साधारण 30 अंशांजवळ. ही कड सरकते. ती सरकवणाऱ्या पॅसिफिकमधल्या दोन चक्रांची मात्र सर्रास गल्लत होते.

एल निनो, म्हणजे पॅसिफिकचं पाणी अधूनमधून तापणं, विषुववृत्तावर मोजतात: 5 उत्तर ते 5 दक्षिण अक्षांश, 170 ते 120 पश्चिम रेखांश. इथलं पाणी सरासरीपेक्षा किमान 0.5 अंश सेल्सिअसने तापलेलं टिकायला हवं. तो 2 ते 7 वर्षांनी येतो आणि बहुधा वर्षभरात ओसरतो. पॅसिफिक दशकीय दोलन, म्हणजे पीडीओ, 20 उत्तर अक्षांशाच्या वरच्या पाण्यावरून मोजतात, आणि त्याचा एक टप्पा 20-30 वर्षंही रेंगाळतो. धन टप्प्याचा (अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचं पाणी उबदार, उत्तर पॅसिफिकच्या मध्यभागी थंड) नकाशा एल निनोसारखाच दिसतो, गोंधळ तिथेच होतो.

परिणामाची दिशाही एकच. एल निनोत विषुववृत्ताजवळची हवा जास्त तापते, उपोष्ण भागाशी (कटिबंधाच्या कडेलगतच्या) तापमानाचा फरक वाढतो, जेट प्रवाह (उंचावरचा वेगवान वाऱ्यांचा पट्टा) विषुववृत्ताकडे सरकतो आणि कटिबंध आकसतो. ला निना (एल निनोच्या उलट, तिथलं पाणी थंड होणं) किंवा पीडीओचा ऋण, म्हणजे उलटा, टप्पा असेल तर कटिबंध रुंदावतो. म्हणजे ‘समुद्र तापला की उष्ण कटिबंध पसरतो’ हे सरसकट खरं नाही. कुठे तापला ते आधी विचारा. हरितगृह वायूंमुळे होणारी तापमानवाढ मात्र कटिबंध रुंदावते, कारण त्यात उपोष्ण भागातली हवा अधिक स्थिर होते (वर-खाली कमी हलते) आणि वादळी पट्टा ध्रुवांकडे ढकलला जातो.

खरी फसगत कटिबंधाच्या रुंदीचा दीर्घकालीन कल काढताना होते. उपग्रहांच्या नोंदी 1979 पासूनच्या. तेव्हा पीडीओ धन होता (1976-77 मध्ये पालटलेला). 1998 नंतर तो बहुतांशी ऋण राहिला. आकसलेल्या काळापासून रुंद काळापर्यंत रेघ ओढली की नैसर्गिक हेलकावाही तापमानवाढीच्या खात्यात जमा होतो. एल निनोचा वाटा सांख्यिकी पद्धतीने बराचसा वजा करता येतो, कारण तेवढ्या काळात त्याच्या अनेक फेऱ्या झाल्या. पीडीओचं तसं नाही, टप्पे मोजकेच. शिवाय तो काही अंशी एल निनोचाच साचत गेलेला ठसा आहे. दोन्ही स्वतंत्र समजून वेगवेगळे वजा केले तर एकच वाटा दोनदा कापला जातो.