हापूसच्या सालीला चकवा

अढी उलगडली की पिवळ्याधमक आंब्यांत काहींवर काळे डाग निघतात. दोष जातो पेंढ्याला, उकाड्याला, नाहीतर गाडीतल्या हादऱ्यांना. हे डाग पाडणारा करपा हा बुरशीचा रोग मात्र बागेतूनच आलेला असतो. मोहोरावर किंवा सुपारीएवढ्या फळावर अवेळी पाऊस पडला की कोलेटोट्रायकम बुरशीचे बीजाणू तिथे रुजतात, सालीत जेमतेम शिरतात आणि थांबतात. कच्च्या सालीत रेसॉर्सिनॉल गटातली बुरशीरोधक द्रव्यं असतात, चिकात बुरशीची भिंत फोडणारं कायटिनेज. फळ पिकू लागलं की हा साठा ओसरतो आणि दबा धरून बसलेली बुरशी पसरते.

मग झाडालाच हा बंदोबस्त वाढवायला लावता येईल का? इंग्लंडमध्ये रेमंड व्हाइट यांनी १९७९ साली तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचलं आणि मोझॅक विषाणूचे डाग कमी झाले. औषधानं विषाणू मारला नव्हता. पानानंच प्रतिकार वाढवला होता. अ‍ॅस्पिरिनशी नातं असलेलं सॅलिसिलिक आम्ल हा वनस्पतींचा स्वतःचाच धोक्याचा इशारा आहे, हे पुढे कळलं. त्याचं काम करणारं अ‍ॅसिबेन्झोलार हे रसायन नव्वदच्या दशकात बाजारात आलं.

कोकणाला जवळचं म्हणजे कायटोसान. कोळंबी सोलल्यावर उरणाऱ्या टरफलांतल्या कायटिनपासून ते बनतं. बुरशीच्या पेशीभिंतीतही कायटिन असतं, वनस्पतीत नसतं. त्यामुळे कायटोसानचे तुकडे सालीच्या पेशींना भेटले की त्या बुरशी आली असं समजून फिनॉल आणि कायटिनेज बनवू लागतात. कोळंबी काही आंब्यावर चढत नाही, पण सालीला ते कसं कळावं!

हे बुरशीनाशक नव्हे. सालीला तयारीला वेळ लागतो आणि संरक्षण अर्धवटच मिळतं. म्हणून माझ्या मते फवारणीची खरी वेळ फळ झाडावर हिरवं असतानाची. पिकायला लागलेल्या फळाची हाक ऐकण्याची ताकदच कमी झालेली असते. काढणीनंतर कायटोसानच्या द्रावणात बुडवल्यास सालीवर पातळ थर बसतो, तोही बुरशीला अडवतो. थर जाड झाला तर मात्र फळाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि आंबूस वास येतो. देठ राखून काढणी आणि ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटांची बुडी, हे काही सुटत नाही.

साक्यावर मात्र याचा उपयोग नाही. ती बुरशी नव्हेच, गरातली विकृती आहे. त्यासाठी कुणी हे विकायला आलं तर त्याला आल्या वाटेनं परत पाठवावं.