फंक्शन की प्रोसीजर? पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशन तपासताना

पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसवर चालणाऱ्या प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन तपासायला आलं की त्यात 'स्टोअर्ड प्रोसीजर्स' (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम) अशी यादी हमखास सापडते. त्यातल्या कितीतरी नोंदी प्रोसीजर नसतातच, फंक्शन असतात. लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. २०१८ मध्ये आवृत्ती ११ आली, तोवर पोस्टग्रेसमध्ये फंक्शनच लिहिता यायचं, आणि ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसवरून आलेली मंडळी सवयीने त्यालाच प्रोसीजर म्हणायची. ते नाव चिकटलं.

फंक्शन सिलेक्ट या आदेशाने चालवतात, प्रोसीजर कॉलने. ही चूक राहिली तरी मोठं नुकसान नाही. पहिल्याच वापरात एरर येते आणि काय वापरायचं ते एररखालची सूचनाच सांगते.

खरा घोळ ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे एकत्रच कायम किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाचा. फंक्शन बोलावणाऱ्याच्या ट्रान्झॅक्शनमध्येच चालतं, त्याला स्वतः कमिट करता, म्हणजे बदल कायम करता, येत नाही. प्रोसीजरला येतं. जुन्या नोंदी काढून टाकणाऱ्या एका रूटीनचं (म्हणजे फंक्शन किंवा प्रोसीजरचं) वर्णन मी तपासत होतो. त्यात लिहिलं होतं, 'दर १०,००० ओळींनंतर बदल कायम होतात.' कोड उघडला तर ते फंक्शन! लूप १०,०००च्या तुकड्यांत फिरत होता खरा, पण कमिट कुठेच नव्हता, आणि तिथे तो चाललाही नसता. शेवटच्या तुकड्यात बिघाड झाला असता तर आधीचं सगळं रोलबॅक, म्हणजे रद्द, झालं असतं. रात्री दोन वाजता काम अडकल्यावर 'निम्मं तरी झालं असेल' असं धरून जो पुढचं पाऊल उचलेल, त्याच्यासाठी मला ते वाक्य दुरुस्त करायचं होतं.

मात्र 'ही प्रोसीजर आहे, मध्ये कमिट करते' एवढंही पुरत नाही. बोलावणाऱ्याने आधीच बिगिनने ट्रान्झॅक्शन सुरू केलं असेल तर आतल्या कमिटवर एरर येते. पायथॉन भाषेला पोस्टग्रेसशी जोडणारा सायकोपीजी ड्रायव्हर ट्रान्झॅक्शन आपणहून सुरू करतो, म्हणून 'ऑटोकमिट (प्रत्येक आदेश आपोआप कमिट होणं) चालू ठेवा' ही ओळ वर्णनात हवीच. प्रोसीजरला सिक्युरिटी डिफायनर (मालकाच्या अधिकारांनी चालवणं) किंवा सेट (ती चालताना एखादं सेटिंग बदलणं) जोडलं, तरी तिच्यात कमिट चालत नाही. असा बदल कोणी मागाहून करतं आणि वर्णन जुनंच राहतं, त्यामुळे व्याख्या प्रत्येक वेळी नव्याने वाचावी. आउट पॅरामीटर (निकाल परत देणारा) लिहिलेला दिसला तर आवृत्तीही बघा: प्रोसीजरला तो १४ पासून मिळाला, त्याआधी इनआउटवर (मूल्य घेणारा आणि परतही देणारा) भागवावं लागायचं.

प्रकार ओळखायला पीजी_प्रोक या कॅटलॉगमधला (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींच्या तक्त्यातला) प्रोकाइंड रकाना पुरतो: एफ म्हणजे फंक्शन, पी म्हणजे प्रोसीजर. दुरुस्त वर्णन मी वेगळ्या फाइलबरोबरच 'कॉमेंट ऑन' वापरून डेटाबेसमध्येही ठेवतो. तिथे फंक्शनला प्रोसीजर म्हटलं, तर पोस्टग्रेस ती कॉमेंट घेतच नाही.