टेस्टामेंटचा दुसरा डाव

टेस्टामेंट या अमेरिकन थ्रॅश बँडचा (थ्रॅश म्हणजे हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार) 'पॅरा बेलम' हा अल्बम ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. ऐकताना कान आधी जातो तो ड्रम्सकडे. ते वाजवणारा ख्रिस डोव्हस २०२३ साली बँडमध्ये आला. बँडचा पहिला अल्बम निघाला तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. चाळिशी ओलांडलेल्या थ्रॅश बँडकडून चाहत्यांची अपेक्षा ठरलेली असते: जुनी गाणी नीट वाजवा, अधूनमधून नवं काही काढलंत तर आम्ही ते निमूटपणे ऐकून घेऊ. टेस्टामेंटने हे गणित उलटं केलं. २००८ नंतरचं त्यांचं काम १९९०-९२ च्या कामापेक्षा भरीव आहे, निदान माझ्या मते तरी. असं का झालं हे बघायचं तर कोण कधी आलं आणि कोण का गेलं, इथूनच सुरुवात करावी लागते.

१९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीच्या शहरांत, म्हणजे बे एरियात, थ्रॅशने नुकतंच मूळ धरलं होतं. एक्झोडस हा बँड तिथलाच, मेटॅलिका त्याच वर्षी लॉस अँजेलिसहून तिथे मुक्कामाला आलेली. बर्कलीच्या बाजूला एरिक पीटरसन आणि त्याच्या नात्यातला भाऊ डेरिक रामिरेझ यांनी 'लेगसी' नावाचा बँड काढला. लवकरच रामिरेझच्या जागी अ‍ॅलेक्स स्कोल्निक आला. हा शाळकरी पोरगा 'जो सॅट्रियानी' या गिटारवादकाकडे गिटार शिकत होता. गायला स्टीव्ह 'झेट्रो' सूझा, बासवर ग्रेग क्रिस्चन, ड्रम्सवर लुई क्लेमेंटे. १९८५ च्या डेमोमुळे नाव झालं आणि १९८६ मध्ये सूझा एक्झोडसमध्ये निघून गेला. जाता जाता त्यानेच चक बिलीचं नाव सुचवलं. बिली देहाने धिप्पाड, आवाजही तसाच, आणि कुळाने पोमो या कॅलिफोर्नियातल्या मूलनिवासी समाजातला. ही ओळख पुढे 'ट्रेल ऑफ टिअर्स', 'नेटिव्ह ब्लड' अशा गाण्यांतून उघडपणे आली.

'लेगसी' हे नाव दुसऱ्या एका गटाकडे आधीच होतं, म्हणून बँड 'टेस्टामेंट' झाला आणि सोडलेलं नाव १९८७ च्या पहिल्या अल्बमला दिलं. तो आला तेव्हा स्कोल्निक अठरा वर्षांचा होता. त्याचे सोलो ऐकले की हे खरं वाटत नाही. पीटरसनचा जीव रिफमध्ये, म्हणजे गिटारच्या परतपरत येणाऱ्या तुकड्यांत, अंधाऱ्या आणि जड सुरांत. स्कोल्निकला चाल हवी, सोलोला गोष्टीसारखी सुरुवात आणि शेवट हवा. या दोघांची ओढाताण म्हणजेच टेस्टामेंट, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. बाकीचे गेले-आले, त्यात बँडचा पोत बदलला. पण ही एक जोडी तुटली तेव्हा बँडच वेगळा झाला.

१९८८ ते १९९२ या काळात चार अल्बम निघाले. 'प्रॅक्टिस व्हॉट यू प्रीच'ला एमटीव्हीवर जागा मिळाली. १९९० मध्ये स्लेयर, मेगाडेथ आणि सुइसायडल टेंडन्सीज यांच्यासोबत युरोपचा 'क्लॅश ऑफ द टायटन्स' दौरा होता, त्यासाठी 'सोल्स ऑफ ब्लॅक' घाईघाईने पुरा केला गेला आणि ती घाई ऐकू येते. १९९२ चा 'द रिच्युअल' संथ, घोटीव. मेटॅलिकाच्या १९९१ च्या काळ्या अल्बमनंतर सगळ्याच कंपन्यांना आपापली मेटॅलिका हवी होती. पण तोवर वारं सिअ‍ॅटलकडून, तिथल्या ग्रंज रॉककडून, वाहायला लागलं होतं. स्कोल्निक बाहेर पडला, मागोमाग क्लेमेंटेही.

इथून पुढची सात-आठ वर्षं ड्रम्सच्या स्टुलावर कोण टिकतंय ते सांगणं कठीण. 'लो' (१९९४) साठी एक्झोडसमधला जॉन टेम्पेस्टा आला आणि लगेच व्हाइट झॉम्बीत गेला. दौऱ्यांवर जॉन डेट वाजवत होता. 'डेमॉनिक' (१९९७) साठी जीन होगलन. 'लो'वर लीड गिटारला डेथ आणि ऑबिच्युअरी या बँडांमधून आलेला जेम्स मर्फी. अटलांटिक कंपनीचा हात सुटला होता. मोठी कंपनी नाही म्हणजे कुणाला रेडिओजोगं गाणं द्यायचंही नाही. पीटरसनला हवं तितकं जड वाजवायची मोकळीक मिळाली आणि बिली डेथ मेटलसारखा गुरगुरायला लागला. 'डेमॉनिक' मला एकसुरी वाटतो, पण तो झाला नसता तर १९९९ चा 'द गॅदरिंग' झाला नसता. त्यात स्लेयरचा डेव्ह लोम्बार्डो ड्रम्सवर, स्टीव्ह डिजॉर्जिओ फ्रेटलेस (पडदे नसलेल्या) बासवर, मर्फी लीडवर. अशी माणसं एका अल्बमपुरती तरी एकत्र यावीत हेच विशेष. थ्रॅश मोडीत निघाल्यासारखं वाटत असताना आलेला हा अल्बम आजही त्यांच्या सर्वोत्तम कामात धरला जातो.

मग २००१. बिलीच्या छातीत, हृदयाजवळ कर्करोगाची गाठ निघाली. त्याच वर्षी मर्फीच्या मेंदूतही गाठ सापडली. डेथचा चक शुल्डिनर आधीपासून मेंदूच्या कर्करोगाशी झुंजत होता. अमेरिकेत विमा नसेल तर असल्या आजारात घरदार जातं, आणि मेटलमधल्या बहुतेक वादकांची हीच गत. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरिटाइम हॉलमध्ये बिली आणि शुल्डिनरच्या मदतीसाठी 'थ्रॅश ऑफ द टायटन्स' हा कार्यक्रम झाला. त्यासाठी बे एरियाचाच डेथ एंजेल हा बँड दहा वर्षांनी एकत्र आला. एक्झोडस आपला जुना गायक पॉल बॅलॉफ याच्यासह वाजले, तर सूझाला घेऊन जुनी 'लेगसी' पुन्हा उभी राहिली आणि तिच्यात गिटारवर होता स्कोल्निक. शुल्डिनर त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये गेला, बॅलॉफ पुढच्या फेब्रुवारीत. बिली उपचारांतून बरा झाला. या एका संध्याकाळने बे एरियाच्या थ्रॅशला पुन्हा चालतं केलं, असं म्हणता येईल: २००४ मध्ये एक्झोडस आणि डेथ एंजेल या दोघांचेही नवे अल्बम आले.

टेस्टामेंटला मात्र आणखी वेळ लागला, कारण स्कोल्निक दुसऱ्याच वाटेवर होता. त्याने न्यू यॉर्कला जाऊन द न्यू स्कूलमध्ये जॅझचं रीतसर शिक्षण घेतलं आणि मेटलची गाणी जॅझ त्रिकुटाच्या अंगाने वाजवणारा अल्बम २००२ मध्ये काढला. दुसरीकडे पीटरसन 'ड्रॅगनलॉर्ड' नावाच्या जोडबँडमधून ब्लॅक मेटलमध्ये शिरला होता. म्हणजे दोघं जवळ येण्याऐवजी विरुद्ध टोकांना गेलेले. २००५ मध्ये मूळ संचाचा युरोप दौरा झाला. जुन्या आठवणींवर चालणारे दौरे बहुतेक तिथेच संपतात. इथे तसं झालं नाही. २००८ मध्ये 'द फॉर्मेशन ऑफ डॅम्नेशन' आला. सोळा वर्षांनी स्कोल्निक टेस्टामेंटच्या नव्या गाण्यांवर वाजत होता. ड्रम्सवर स्लेयरमध्ये राहून आलेला पॉल बोस्टाफ.

१९८७ ची नक्कल करायच्या भानगडीत ते पडले नाहीत, हे त्या अल्बमचं मोठं बळ. बिलीने मधल्या काळात कमावलेली गुरगुर आणि जुना गाता गळा, दोन्ही एकाच गाण्यात आले. पीटरसनच्या रिफ पूर्वीपेक्षा जड, आणि त्यावर स्कोल्निकचे सोलो पूर्वीपेक्षा मोकळे. ज्याला आपण दर्जा घसरलेला काळ म्हणतो, त्यातलीच अर्धी सामग्री इथे कामी आली. २०१२ चा 'डार्क रूट्स ऑफ अर्थ' बिलबोर्डच्या यादीत १२ व्या क्रमांकावर गेला. १९८० च्या दशकातल्या भरभराटीतही ही जागा त्यांना मिळाली नव्हती.

अर्थात माणसं टिकली नाहीत ती नाहीतच. बोस्टाफच्या दुखापतीमुळे 'डार्क रूट्स'साठी होगलन परत आला आणि राहिला. बोस्टाफ पुढे पुन्हा स्लेयरकडे गेला. २०१४ मध्ये क्रिस्चन पुन्हा बाहेर पडला, त्याच्या जागी डिजॉर्जिओ. 'टायटन्स ऑफ क्रिएशन' एप्रिल २०२० मध्ये आला, तेव्हा सगळं जग घरात बसलेलं. नुकताच एक्झोडस आणि डेथ एंजेलसोबतचा युरोप दौरा करून आलेला बिली कोविडने आजारी होता आणि डेथ एंजेलचा ड्रमर विल कॅरोल कोमात गेला होता. दोघंही वाचले. २०२२ मध्ये होगलन गेला, लोम्बार्डो परतला, वर्षभराने तोही गेला.

तेव्हा आणखी एखादा नावाजलेला ड्रमर आणणं सोपं होतं. त्यांनी पंचविशीतला पोरगा निवडला. लोम्बार्डो किंवा होगलनसारख्यांची स्वतःची छाप इतकी पक्की की त्यांना धरून गाणी बांधावी लागतात. डोव्हसच्या पिढीचं तसं नाही. थ्रॅश, डेथ, ब्लॅक असे कप्पे होण्याआधीचा काळ तिने पाहिलेलाच नाही, सगळे कप्पे एकदमच कानावर पडले. पीटरसनला ब्लॅक मेटलकडे जायची पूर्वीपासून हौस होती आणि 'पॅरा बेलम'मध्ये ब्लास्टबीटवर, म्हणजे ड्रम्सच्या अतिजलद ठेक्यावर, ती उघडपणे येते. त्याच अल्बमात तंतुवाद्यांच्या साथीने एक संथ गाणंही आहे आणि त्यात स्कोल्निकला पाहिजे तेवढी जागा मिळाली आहे.